हास्ययोग: करणाऱ्यांचे आणि शिकवू पाहणाऱ्यांचे नेहमीचे प्रश्न

डोंबिवलीत सकाळचा हास्यक्लब चालवायला लागून मला अकरा वर्षं झाली. त्यातली शेवटची काही वर्षं नव्या मंडळींना वर्ग घ्यायला शिकवण्यातही जातात. फोनवर, मेसेजवर आणि बागेच्या फाटकाशी तेच ते प्रश्न येत राहतात, म्हणून एकदा बसून उत्तरं लिहून काढली. प्रश्न शक्यतो विचारणाऱ्यांच्याच शब्दांत ठेवले आहेत. पहिले अकरा हसायला येणाऱ्यांचे आहेत, पुढचे शिकवू पाहणाऱ्यांचे.

१. हास्ययोग म्हणजे नक्की काय? तिथे विनोद सांगतात का?

विनोद सांगत नाहीत. गटाने उभं राहून, काहीही कारण नसताना, ठरवून हसायचं. त्याला टाळ्या, दीर्घ श्वास आणि लहान मुलांसारखं थोडं खेळणं यांची जोड असते. "हो हो, हा हा हा" अशी ताल धरून टाळी वाजवायची, दोन-तीन मोठे श्वास घ्यायचे, मग हास्याचा एखादा प्रकार करायचा, पुन्हा श्वास. लस्सी हास्यात दोन काल्पनिक पेल्यांतली लस्सी या पेल्यातून त्या पेल्यात ओतायची आणि शेवटी ती पीत खळखळून हसायचं. मोबाईल हास्यात रिकामा हात कानाला लावून हिंडायचं आणि पलीकडून कुणी भन्नाट काही सांगतंय असं हसायचं. मौन हास्यात तोंड उघडं, पण आवाज अजिबात नाही. सिंहमुद्रा हास्यात जीभ पूर्ण बाहेर. लांबून बघणाऱ्याला हे सगळं वेडेपणाचं दिसतं, आणि दिसणारच.

२. हे सुरू कुणी केलं? परदेशातून आलं का?

उलट इथून परदेशात गेलं. डॉ. मदन कटारिया या मुंबईतल्या डॉक्टरांनी १३ मार्च १९९५ रोजी अंधेरी पश्चिमेच्या लोखंडवाला संकुलातल्या बागेत पहिला हास्यक्लब भरवला. पहिल्या दिवशी जमले होते पाच जण. हसण्याच्या औषधी गुणांवर एक लेख लिहिता लिहिता त्यांना ही कल्पना सुचली होती.

सुरुवातीला सगळे गोल उभे राहून आळीपाळीने विनोद सांगत. दोन आठवड्यांच्या आतच चांगले विनोद संपले. उरले ते चावट किंवा कुणाच्या तरी जातीला, रूपाला, बायकोला टोचणारे. लोक नाराज झाले आणि क्लब मोडायच्या बेतात आला. तेव्हा डॉक्टरांनी विनोद काढून टाकले आणि नुसतंच हसून बघू म्हणाले. आधी खोटं हसले, मग एकमेकांकडे बघून खरं हसू फुटलं. त्यांच्या पत्नी माधुरी योग शिकवत असत, त्यामुळे श्वासाचा भाग त्यात आला.

१९९८ मध्ये मुंबईत जागतिक हास्यदिन सुरू झाला. आता तो मे महिन्याच्या पहिल्या रविवारी पाळतात. आज शंभराहून अधिक देशांत हास्यक्लब आहेत. महाराष्ट्रात पुण्याचं नाव आधी घ्यायला हवं. विठ्ठल काटे आणि सुमन काटे यांनी उभ्या केलेल्या नवचैतन्य हास्ययोग परिवाराच्या शाखा तिथल्या बागाबागांत भरतात.

विनोद का नकोत, हे जुन्या सभासदांनाही पुन्हा पुन्हा सांगावं लागतं. त्यासाठी प्रश्न १५ आहे.

३. यात योग कुठे आहे? एकही आसन तर नाही.

प्रश्न रास्त आहे. पतंजलींच्या आठ अंगांत हास्य कुठेच नाही, आणि जागतिक योगदिनाला जो सामायिक क्रम करतात त्यातही नाही. जोड आहे ती श्वासाची. खळखळून हसताना उच्छ्वास लांबतो, पोटाचे स्नायू आणि श्वासपटल झटक्याझटक्याने हलतात, आणि मग आपोआप खोल श्वास घेतला जातो. ज्यांना "योग" हा शब्द खटकतो त्यांनी हसण्याचा व्यायाम म्हणावं. माझी हरकत नाही. हास्ययोग करतो म्हणून चालणं आणि आसनं सोडणाऱ्यांना मात्र माझी हरकत आहे.

४. मला खोटं हसताच येत नाही. लाज वाटते. चार लोकांत हसं होईल.

"हसणं" आणि "हसं होणं" एकाच धातूतून आलेत, ही आपल्या भाषेचीच गंमत. लहानपणापासून "दात काढू नकोस", "मुलीच्या जातीला एवढं मोठ्यांदा हसणं शोभत नाही" ऐकत आलेल्या माणसाला बागेत उभं राहून हा हा करायला सांगितलं तर जीभ टाळूला चिकटणारच. मी स्वतः पहिले चार दिवस नुसत्या टाळ्या वाजवल्या.

पहिल्या आठवड्यात हसूच नका. टाळी आणि श्वास करा, आणि दुसऱ्यांच्या डोळ्यांकडे बघा. हसणं बघून लागतं, जांभईसारखं. रॉबर्ट प्रोव्हाइन या अमेरिकी संशोधकाने लोकांच्या रोजच्या हसण्याच्या नोंदी केल्या, तेव्हा एकट्यापेक्षा सोबतीत माणूस सुमारे तीसपट जास्त हसतो असं दिसलं. म्हणून गोल करून उभं राहायचं, रांगेत नाही. रांगेत समोर दिसतात त्या पाठी.

५. "शरीराला खरं हसू आणि खोटं हसू यातला फरक कळत नाही" असं म्हणतात. खरंय का?

हे वाक्य प्रत्येक हास्यक्लबात ऐकू येतं, मीही वर्षानुवर्षं म्हणत आले. आता जरा जपून म्हणते. छाती, पोट, श्वास यांच्यापुरतं ते बरंचसं खरं आहे. ठरवून हसलात तरी स्नायू हलतात, श्वास खोल जातो, नाडी वाढून मग उतरते. पण मेंदू इतका भोळा नाही. लंडनच्या मेंदूसंशोधक सोफी स्कॉट यांच्या गटाने लोकांना खरं आणि ठरवून काढलेलं हसू ऐकवलं, तेव्हा ऐकणाऱ्याचा मेंदू दोन्हींना वेगवेगळा प्रतिसाद देतो असं आढळलं.

यातून घाबरण्यासारखं काही नाही. वर्गात खोटं हसू हे हातपंपात आधी ओतायच्या तांब्याभर पाण्यासारखं असतं. ते ओतल्याशिवाय खालचं पाणी वर येत नाही. पण वर काहीच आलं नाही आणि तुम्ही तासभर नुसतं ओतत राहिलात, तर दमाल.

६. फायदे नक्की कोणते? बीपी, शुगर, वजन, झोप?

हा सगळ्यांत जास्त येणारा प्रश्न आहे, आणि यावर सगळ्यांत जास्त थापा मारल्या जातात. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

जे बऱ्यापैकी खात्रीने सांगता येतं ते असं. हसल्यानंतर ताण उतरल्यासारखा वाटतो आणि मनःस्थिती सुधारते, हे अनेक छोट्या अभ्यासांत दिसलं आहे. रॉबिन डनबार या ब्रिटिश संशोधकाच्या गटाने २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, सोबतीने हसल्यानंतर लोकांची वेदना सोसण्याची मर्यादा वाढलेली दिसली. २०१९ मध्ये अशा उपचारांच्या अभ्यासांचा एकत्रित आढावा निघाला, त्यात विनोद ऐकून आलेल्या हसण्यापेक्षा ठरवून केलेलं हसणं जास्त परिणामकारक दिसलं. आमच्यासाठी ही आनंदाची बातमी होती. पण त्याच आढाव्याने मूळ अभ्यासांचा दर्जा यथातथाच असल्याचंही बजावलं होतं, आणि ते वाक्य मात्र कुणी फॉरवर्ड करत नाही.

वजनाचं गणित छोटं आहे. अमेरिकेतल्या व्हँडरबिल्ट विद्यापीठाच्या मोजणीनुसार दिवसाला दहा ते पंधरा मिनिटं खरंखुरं हसलं तर १० ते ४० कॅलरी जास्त जळतात. म्हणजे अर्धी पोळी. हास्ययोगाने पोट कमी होतं म्हणणाऱ्याला आधी हे सांगा. आमच्या क्लबात ज्यांचं वजन उतरलं, ते बागेपर्यंत रोज चालत येतात.

बीपी आणि शुगरच्या बाबतीत, गोळ्या बंद झाल्याचे किस्से मी खूप ऐकले आहेत. त्या माणसाने त्याच काळात मीठ कमी केलेलं असतं, लवकर उठायला लागलेला असतो, निवृत्त झालेला असतो, किंवा सुनेशी बोलायला लागलेला असतो. यातलं श्रेय हसण्याला किती द्यायचं? डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय एकही गोळी कमी करायची नाही. वर्गात कुणी असा सल्ला देत असेल तर तो वर्ग सोडा.

नॉर्मन कझिन्स या अमेरिकी संपादकाची गोष्ट सगळीकडे सांगितली जाते. दहा मिनिटं पोटभर हसलं की दोन तास वेदनेविना झोप लागते, असं त्यांनी स्वतःच्या आजारपणाबद्दल लिहिलं होतं. गोष्ट खरी आहे, पण तो एका माणसाचा अनुभव आहे. त्या काळात ते क जीवनसत्त्वाचे मोठे डोसही घेत होते.

माझ्या मते सगळ्यांत मोठा फायदा कुठल्याच रक्ततपासणीत दिसत नाही. मुलं परदेशी, जोडीदार गेलेला, आठवडाभर भाजीवाल्याखेरीज कुणाशी बोलणं नाही, अशा माणसाला रोज सकाळी साडेसहाला वीस माणसं नावाने हाक मारतात. तो दोन दिवस आला नाही तर तिसऱ्या दिवशी कुणीतरी दार वाजवतं.

७. हास्ययोग कुणी करू नये?

जोरात हसताना पोटात दाब वाढतो, आणि बहुतेक मनाया त्यामुळेच आहेत. हर्निया, रक्त पडणारी मूळव्याध, काचबिंदू, आटोक्यात नसलेला रक्तदाब, छातीत दुखण्याचा त्रास, अपस्मार, तीव्र कंबरदुखी किंवा मणक्यातली सरकलेली गादी असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय येऊ नका. पोटाची, हृदयाची किंवा डोळ्याची शस्त्रक्रिया झाली असेल तर डॉक्टरांनी मोकळं करेपर्यंत थांबा. साधारण तीन महिने धरून चाला. मोतीबिंदूचं ऑपरेशन तर आमच्या वयोगटात दर महिन्याला कुणाचं ना कुणाचं असतंच, आणि "डोळ्याचं तर आहे, पोटाचं थोडंच" म्हणत ती मंडळी आठव्या दिवशी हजर होतात. गरोदर बायकांनीही आपल्या डॉक्टरांना विचारावं.

सर्दी, खोकला, ताप असताना येणं हे शेजाऱ्यावर अन्याय करणं आहे. हा हा करताना हवेत काय काय उडतं ते आठवा. दमा असलेल्यांनी पंप खिशात ठेवावा, कारण हसण्याने काहींना दम्याची उबळ येते. ब्रिटिश मेडिकल जर्नलच्या २०१३ च्या नाताळ अंकात हसण्याच्या फायद्यांबरोबर तोट्यांचाही आढावा आला होता. त्यात दम्यापासून जबडा निखळण्यापर्यंतची उदाहरणं होती. अशी वेळ क्वचित येते, पण वर्ग घेणाऱ्या चालकाला माहीत असलेली बरी.

तीव्र मानसिक आजार, विशेषतः भ्रम होणारे किंवा मन अतिउत्साहात जाणारे आजार असतील, तर मनोविकारतज्ज्ञांच्या सल्ल्याशिवाय नको. आपल्याभोवती तीस माणसं कारणाशिवाय हसताहेत, हे अशा माणसाला "मलाच हसताहेत" असं वाटू शकतं.

या यादीत बसणाऱ्यांनी घरीच बसावं असं मात्र नाही. डॉक्टरांची हरकत नसेल तर खुर्चीवर बसून, नुसत्या स्मिताने आणि हलक्या श्वासाने वर्ग करता येतो.

८. ताई, हे सगळ्यांसमोर विचारता येत नाही. जोरात हसलं की थोडी लघवी होते. येणं बंद करू का?

हा मेसेज मला दर दोन महिन्यांनी कुणीतरी पाठवतं, आणि प्रत्येकीला वाटतं की आपण एकट्याच. बाळंतपणांनंतर आणि पाळी गेल्यावर ओटीपोटाच्या तळाचे स्नायू सैल पडतात, त्यामुळे हसताना, शिंकताना, खोकताना असं होतं. त्यावर व्यायाम आहेत आणि उपचारही आहेत. स्त्रीरोगतज्ज्ञांकडे किंवा फिजिओथेरपिस्टकडे जा. तोवर वर्गाआधी बाथरूमला जाऊन या, पॅड वापरा, उड्या मारण्याचे प्रकार टाळा, आणि हसताना पाय किंचित जवळ घेऊन उभ्या राहा. येणं बंद करू नका. चालकांनी वर्ग सुरू होण्याआधी पाच मिनिटं मोकळी ठेवावीत आणि कुणी मधूनच निघून गेलं तर "काय हो, कुठे?" असं ओरडून विचारू नये.

९. कवळी असेल तर?

घट्ट बसत असेल तर घालून या. सिंहमुद्रा हास्याच्या वेळी तोंडासमोर हात धरा. आमच्याकडे एकदा गवतात कवळी शोधायला पंधरा माणसं ओणवी झाली होती. त्या दिवसाइतकं खरं हसू पुन्हा जमलेलं नाही. ज्यांची होती, ते सगळ्यांत जास्त हसत होते.

१०. यांना जाऊन दोन महिने झाले. मैत्रीण म्हणते चल. पण मी बागेत जाऊन हसले तर लोक काय म्हणतील?

लोक बोलतील, ते खोटं कशाला सांगू? पण खरी अडचण लोकांची नसते. आपलं आपल्यालाच वाटतं की हसलो म्हणजे विसरलो.

घाई करू नका. कुणी ओढून आणत असेल तर येऊ नका. मनात यावंसं वाटत असेल तर पहिले काही दिवस बाकावर बसा. मग नुसत्या श्वासाला उभ्या राहा. मधेच रडू आलं तर येऊ द्या. हसताना आणि हुंदके देताना पोट आणि छाती जवळजवळ सारखीच हलते, त्यामुळे एकातून दुसऱ्यात कधी गेलो ते कळत नाही. आमच्याकडच्या एक काकू तीन आठवडे फक्त शेवटच्या शांत पाच मिनिटांना यायच्या. चौथ्या आठवड्यात त्यांनी स्वतःहून लस्सी ओतली. कुणी काही बोललं नाही. मी तसं बजावून ठेवलं होतं.

रात्रीच्या रात्री झोप नसेल, जेवण जात नसेल, जगू नये असं वाटत असेल, तर हास्यक्लब हा त्यावरचा उपाय नाही. मनोविकारतज्ज्ञांना भेटा, लगेच. टेली-मानस ही सरकारी हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास आहे, आणि तिथे मराठीत बोलता येतं.

११. घरी एकट्याने किंवा ऑनलाइन करता येईल का?

येतं. २०२० च्या टाळेबंदीत आम्ही सगळेच ऑनलाइन गेलो, आणि पुण्यातल्या आज्या बोस्टनच्या नातवंडांबरोबर हसू लागल्या. आवाज मात्र एकमेकांवर आदळतो, म्हणून चालकाचा माईक चालू आणि बाकीच्यांचे बंद ठेवावेत. मग आपल्यालाच आपण एकटे हसतोय असं वाटतं. तो विचित्रपणा आठवड्याभरात जातो. एकट्याने करायचं तर आरशासमोर, अंघोळीच्या वेळी किंवा गाडीच्या काचा बंद करून. पाच मिनिटं पुरेत. सोबतीचा फायदा मिळणार नाही (प्रश्न ४), श्वासाचा मिळेल.

१२. मला शिकवायचंय. प्रमाणपत्र लागतं का? कोर्स कोणता करावा?

कायद्याने लागत नाही. उद्या सकाळी तुम्ही बागेत उभे राहून वर्ग सुरू केलात तर कुणी परवाना विचारणार नाही. डॉ. कटारियांच्या संस्थेचे दोन मुख्य टप्पे आहेत. दोन दिवसांच्या लीडर प्रशिक्षणानंतर वर्ग घेता येतो. पाच दिवसांच्या टीचर प्रशिक्षणानंतर नव्या लीडरना शिकवता येतं. इतर संस्था आणि मोठे क्लबही आपापल्या पद्धतीने चालक घडवतात. कंपन्या, शाळा, इस्पितळं यांच्याकडे जायचं असेल तर प्रमाणपत्राचा कागद उपयोगी पडतो. बागेत तो कुणी बघत नाही.

पण दोन दिवसांत काय येतं? प्रकार येतात, क्रम येतो, धीर येतो. माणसं वाचायला येत नाहीत. म्हणून माझा आग्रह असतो की कोर्सच्या आधी किमान तीन महिने एखाद्या क्लबात नुसते सभासद म्हणून हसा, आणि कोर्सनंतर महिनाभर जुन्या चालकाच्या शेजारी उभे राहा. त्या महिन्यात प्रकार शिकू नका. कोण आज गप्प आहे, कोणाचा हात कंबरेवर गेलाय, कोण दम खायला थांबलंय, हे बघा. कोर्स विकणारा "दोन दिवसांत आयुष्य बदलेल, महिन्याला इतकी कमाई" म्हणत असेल तर पैसे जपून ठेवा. एका ओळखीच्या बाईंनी असे बरेच पैसे भरले. हाती आली ती पीडीएफ फाईल आणि एका व्हॉट्सॲप ग्रुपचं सभासदत्व.

विनोदी स्वभाव, नाटकाची आवड, मोठा आवाज यांतलं काहीही असलंच पाहिजे असं नाही. मला भेटलेले सर्वांत चांगले चालक एक निवृत्त पोस्टमास्तर आहेत. ते एरवी क्वचितच बोलतात.

१३. पहिला वर्ग कसा घेऊ? हातपाय कापताहेत.

तीस-चाळीस मिनिटांचा आराखडा धरा. आधी दोन मिनिटं स्वतःची ओळख, आणि प्रश्न ७ मधली मनायांची यादी मोठ्यांदा वाचायची. हे टाळू नका. पाठोपाठ "दुखलं की थांबा, हसायची सक्ती नाही" हेही सांगा. मग खांदे, मान आणि जबडा मोकळे करून तालाच्या टाळ्या. बोटाला बोट आणि तळव्याला तळवा भिडेल अशी पूर्ण टाळी.

मग हास्याचे प्रकार. पहिला नेहमी नमस्कार हास्य, कारण हात जोडायला कुणालाच लाज वाटत नाही. प्रत्येक प्रकार अर्ध्या-पाऊण मिनिटाचा, त्यानंतर दोन खोल श्वास. नवे चालक इथेच चुकतात. एकामागून एक बारा प्रकार घेतात आणि साठीच्या माणसांना धाप लावतात. सात-आठ पुरेत. जोराचा एक झाला की हलका एक. मधूनमधून दोन्ही हात वर करून "व्हेरी गुड, व्हेरी गुड, ये!" हा तर हास्यक्लबांचा राष्ट्रीय नारा आहे. इंग्रजीचं वावडं असेल तर "छान छान, वा!" म्हणा, चालतं.

प्रकार आपल्या मातीतले बनवा. लाइट बिल हास्य: बिल उघडलं, आकडा बघितला, आणि हसत शेजाऱ्याला दाखवलं. आमच्याकडचं सगळ्यांत आवडतं आठ-दोनची फास्ट हास्य आहे. गच्च लोकलमध्ये एकमेकांना चिकटून उभं राहायचं आणि गाडी सुटली की हलत हलत हसायचं. ज्यांनी तीस वर्षं तो प्रवास केला, ते यात जीव ओततात. पण हे करण्याआधी अंगाला अंग लागणं कुणाला नको असेल का, ते विचारा. स्त्री-पुरुष मिश्र गटात मी हाताच्या अंतरावरची लोकल घेते.

शेवटची सात-आठ मिनिटं शांततेची. बसून किंवा आडवं होऊन डोळे मिटायचे, आणि हसू आलं तर येऊ द्यायचं. मग भ्रामरीसारखा गुंजारव आणि शांत श्वास. हा भाग उशीर झाला म्हणून कापला जातो, आणि लोक तापलेल्या इंजिनासारखे घरी जातात. कापायचंच असेल तर प्रकार कापा.

१४. वर्गात एक जण हसतच नाही, दुसऱ्या बाई थांबतच नाहीत, आणि परवा एक आजोबा रडले. काय करायचं?

न हसणाऱ्याला सोडून द्या. त्याच्यासमोर जाऊन "हसा की हो!" म्हणणं हा सर्वांत वाईट उपाय. तो रोज येतोय ना? मग त्याला काहीतरी मिळतंय. चेहऱ्याच्या पक्षाघातामुळे किंवा पार्किन्सनमुळे चेहरा हलतच नसेल, हेही लक्षात घ्या.

न थांबणाऱ्यांसाठी तुमच्याकडे खूण हवी. दोन्ही हात वर, म्हणजे श्वास. पहिल्याच दिवशी ती सगळ्यांना शिकवा. हसून चक्कर आली तर लगेच खाली बसवा आणि श्वास सावकाश करायला सांगा. एखादा माणूस पूर्वी असा नव्हता आणि आता प्रसंग नसताना हसू-रडू आवरत नाही, असं कानावर आलं, विशेषतः लकव्याच्या झटक्यानंतर, तर घरच्यांना हळूच सांगून मेंदूविकारतज्ज्ञांकडे पाठवा. तो एक वेगळा आजार असू शकतो. आपण त्याला "वा, काय खळखळून हसतात!" म्हणत बसतो.

रडणाऱ्याजवळ एक जण शांतपणे उभा राहील आणि वर्ग चालू राहील, एवढं पुरे. सगळे थांबून त्यांच्याभोवती जमले की ते दुसऱ्या दिवशी येत नाहीत. बाकी प्रश्न १० पाहा.

१५. एक काका रोज शेवटी विनोद सांगतात. बहुतेक बायकांवरचे. थांबवू कसं?

आधी एकांतात, चहाच्या टपरीवर. "काका, १९९५ मध्ये क्लब याच कारणाने बंद पडायला आला होता" ही गोष्ट (प्रश्न २) सांगितली की निम्मे समजतात. उरलेल्यांना काम द्या: हजेरी घ्यायचं, टाळ्यांचा ताल धरायचं. त्यांना विनोदापेक्षा उभं राहून बोलायला मिळणं हवं असतं. तरीही ऐकलं नाही तर सगळ्यांसमोर नियम म्हणून सांगा. एका माणसाचा मान राखायला पाच बायका गळाल्या, असं मी करून चुकले आहे.

१६. शेजारच्या सोसायटीने आवाजाची तक्रार केली. त्यांचं म्हणणं बरोबर आहे का?

बहुतेक वेळा बरोबर असतं. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांप्रमाणे सकाळी सहाच्या आधी रात्रच असते. रहिवासी भागात दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल आणि रात्रीची ४५. तीस जणांचं गडगडाटी हास्य ती सहज ओलांडतं. इस्पितळ, शाळा, न्यायालय यांच्या भोवतालचा शंभर मीटरचा भाग सरकार शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करू शकतं. स्पीकरला लेखी परवानगी लागते. मुंबईत कुर्ल्याच्या एका तळ्याकाठच्या हास्यक्लबाविरुद्धची तक्रार थेट उच्च न्यायालयात गेली होती आणि न्यायालयाने तिची दखल घेतली होती.

साडेसहाच्या आधी सुरू करू नका, स्पीकर नको, इमारतींपासून लांबचा कोपरा घ्या, रविवारी आणि परीक्षेच्या दिवसांत मौन हास्य वाढवा. महापालिकेच्या बागेत नियमित वर्ग घ्यायचा असेल तर उद्यान विभागाला अर्ज द्या. पावसाळ्यात एखाद्या सभागृहात किंवा देवळाच्या मंडपात जाल तेव्हा आवाज घुमतो, हेही धरा. आणि तक्रार करणाऱ्याला घरी जाऊन भेटा. आमच्या तक्रारदार बाई रात्रपाळी करून सकाळी झोपणाऱ्या नर्स निघाल्या. आम्ही जागा बदलली.

१७. फी घ्यावी का?

बागेतल्या रोजच्या क्लबाची नको. ती परंपरा पहिल्यापासून फुकटाची आहे आणि तशीच राहू द्यावी. वाढदिवस, सहल, सतरंज्या यांसाठी वर्गणी काढाल तर हिशोब लिहून ठेवा आणि दर महिन्याला ग्रुपवर टाका. क्लब हसण्यावरून मोडत नाहीत, वर्गणीवरून मोडतात. कंपनीत किंवा कार्यक्रमात वर्ग घ्याल तर मानधन जरूर घ्या, संकोच करू नका.

१८. शाळा, कंपनी, वृद्धाश्रम: सगळीकडे तेच घ्यायचं का?

नाही. मुलांना हसायला शिकवावं लागत नाही, थांबायला शिकवावं लागतं. दहा मिनिटं बास, आणि शेवट शांततेचा. एखाद्या मुलाला "हसं" होण्याचा त्रास वर्गात आधीच होत असेल, तर एकमेकांकडे बोट दाखवून हसण्याचे प्रकार पूर्ण टाळा.

कंपनीत साहेब गोलात उभे असतील तर कुणी मोकळं होत नाही. साहेबांनी आधी लस्सी प्यायली तर सगळे होतात. आणि ज्या कंपनीत गेल्याच महिन्यात माणसं काढलीत, तिथलं आमंत्रण मी एकदा नाकारलं. अशा वेळी हसायला सांगणं हा अपमान असतो.

वृद्धाश्रमात सगळं खुर्चीवर, संथ, जुन्या ओळखीच्या गोष्टींवर: जातं दळणं, बैल हाकणं, पतंग उडवणं. स्मृतिभ्रंश असलेल्यांना सूचना आठवत नाहीत, पण चेहऱ्यावरचं हसू कळतं. त्यांच्यासमोर अचानक मोठा आवाज करू नका, दचकतात.

१९. चार वर्षं वर्ग घेतोय. आता मलाच हसू येत नाही. खोटारडा झाल्यासारखं वाटतं.

हा प्रश्न फक्त चालक विचारतात, आणि नेहमी रात्री उशिरा. प्रश्न ५ मधला हातपंप आठवा. तुम्ही रोज सगळ्यांसाठी पाणी ओतताय आणि तुमच्यासाठी कुणी ओतत नाही. आठवड्यातले दोन दिवस दुसऱ्याला वर्ग द्या आणि त्या दिवशी मागच्या बाजूला उभे राहा, हसलात तर हसलात. महिनाभर दुसऱ्याच कुठल्या तरी क्लबात जा, जिथे तुम्हाला कुणी ओळखत नाही. मी असं कल्याणला केलं होतं. तिथल्या चालक बाईंनी मला नवखी समजून लस्सी कशी ओतायची ते हाताला धरून शिकवलं, आणि मी शिकले.